दोन पांढरे

“हा पांढरा नाही.” एवढंच लिहिलं होतं, पेन्सिलीनं, आणि खाली रेघ ओढलेली, मास्तर चुकलेल्या गणिताखाली ओढतात तशी. डोंगरातल्या कुठल्याशा दुकानदारानं आमच्या डब्यातला रंग पत्र्याच्या पाटीला लावला, वाळवला, त्याच्यावरच हे लिहिलं आणि पाटी कागदात गुंडाळून कारखान्यात परत पाठवली. साहेबांनी ते पुडकं सकाळी सकाळी माझ्या टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पांढरा नाही? मग काय आहे, जांभळा आहे? लग्नाच्या आधीपासून मी इथं रंग जुळवते. या शहरातल्या अर्ध्या भिंतींवर माझा पांढरा आहे. दवाखान्यात, शाळेत, कचेऱ्यांत, लोकांच्या निजायच्या खोल्यांत. माझ्या स्वतःच्या घरात तर मागच्याच आठवड्यात लावला, कुणा रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. लेक येणार आहे ना. पहिलटकरीण आहे, आठवा लागलाय, रविवारी येणार आणि बाळंतपण होऊन बाळ मान धरेपर्यंत राहणार. पोर डोळे उघडून पहिली भिंत बघेल ती आजीच्या हातची बघेल, एवढ्यासाठी मी त्या शिडीवर चढले, गुडघे कुरकुरत असताना चढले. आणि हा कोण टिकोजीराव मला सांगतोय, पांढरा नाही म्हणून.

“बाई, डोळे एकदा तपासून घ्यायचे का?” साहेब म्हणाले. ते हे इतकं गोड म्हणाले की मला त्यांच्या अंगावर बाटली फेकावीशी वाटली. माणूस वाईट नाही, पण आवाज सदानकदा तेल लावल्यासारखा. “वयोमानाप्रमाणे होतं हो. माझ्या सासूबाईंचं असंच झालं.” मी म्हटलं, साहेब, तुमच्या सासूबाई शेड जुळवत होत्या का? ते हसले. मी हसले नाही. मला म्हणायचं ते म्हणा, तोंडाळ म्हणा, खाष्ट म्हणा, आमचे हे तर मला फटाकडीच म्हणतात, पण माझ्या डोळ्यांना नाव ठेवायचं नाही. मला शिकवलं त्या म्हाताऱ्यानंसुद्धा कधी ठेवलं नाही, आणि तो जगाला नावं ठेवणारा माणूस.

शेडरूम म्हणजे काही राजवाडा नाही. उत्तरेकडं एक लांबट खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर रंगांच्या बाटल्या, आणि खिडकीशेजारच्या भिंतीत एक खिळा, त्याला टांगलेली थोरली पाटी. हे नाव आम्हीच ठेवलेलं. वीतभर पत्रा, त्याच्यावर पांढरा. कारखाना सुरू झाला तेव्हा जो पहिला पांढरा पसंत पडला तो हा, आणि तेव्हापासून हिच्याशी जुळेल तोच आमचा पांढरा, दुसरा नाही. तिचा एकच कायदा होता, तिला हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागतं, फडक्यानं घासलं की तकाकी बदलते, आणि एकदा थोरली बिघडली की मग जुळवायचं कशाशी? “नजरेनं बघ पोरी, हातानं नाही,” म्हातारा म्हणायचा. सगळे त्याला म्हाताराच म्हणत, तो चाळिशीत होता तेव्हापासून. झाडायला येणारी बाई एकदा बिचारी खिडकी पुसता पुसता ओलं फडकं घेऊन थोरलीकडं वळली, तर हा असा ओरडला की तिच्या हातातली बादली सांडली. आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा हसले. नंतर म्हातारा गेला, त्याच्या जागेवर मी बसले, आणि माझ्या हाताखाली आलेल्या पोरींवर मी तशीच ओरडायला लागले. मग यंत्र आलं, डब्याएवढं, त्याला पाटीवर टेकवलं की ते आकडे सांगतं. कानामागून आलं आणि तिखट झालं, पण त्यालाही पांढरा म्हणजे काय ते शिकवलं ते याच थोरलीवर, एकदाच, जपून टेकवून. दुसरं शिकवणार कशावर?

मी दुकानदाराची पाटी उचलली, थोरलीच्या शेजारी धरली. तंतोतंत. केसाचाही फरक नाही. यंत्र टेकवलं, यंत्रही हेच म्हणालं. “बघा,” मी म्हटलं, “आता यंत्राच्याही डोळ्यांना चष्मा लावा.” साहेबांनी खांदे उडवले आणि म्हणाले, मग त्याला कळवून टाकतो, माल बरोबर आहे म्हणून. तेवढ्यात पुडक्याच्या कागदातून आणखी काहीतरी खाली पडलं. आमचंच जुनं शेडकार्ड. हल्ली आम्ही तसं काढत नाही, जाड पुठ्ठ्याचं, रंगाचे चौकोन हातानं चिकटवलेले. दुकानदारानं बापजाद्यांच्या पेटीत जपून ठेवलेलं असणार. कोपऱ्यात तांबडा ठिपका होता. तो म्हाताऱ्याचा. पसंत केलेल्या प्रत्येक कार्डावर तो अंगठ्याच्या नखानं तांबड्याचा ठिपका द्यायचा, सही म्हणून. मी ते कार्ड उघडलं आणि पांढऱ्या चौकोनाकडं बघितलं, आणि खरं सांगते, मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

इतका पांढरा! बर्फाबिर्फाच्या उपमा मला देता येत नाहीत, मी बर्फ बघितलेला नाही. पण लहानपणी आई नीळ घालून माझा शाळेचा शर्ट धुवायची आणि तो वाळताना दोरीवर उन्हात असा दिसायचा की त्याच्याकडं बघवायचं नाही, तसा होता तो. तसा शर्ट मी नंतर कधी बघितला नाही आणि बघितला नाही हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी ते कार्ड थोरलीजवळ धरलं. थोरली भांडी धुतलेल्या पाण्यासारखी दिसायला लागली. पहिल्यांदा मनात आलं, लबाडी आहे, त्या दुकानदारानं कार्ड नव्यानं रंगवलंय. पण तांबडा ठिपका तर म्हाताऱ्याचाच, त्याच्या वाकड्या नखाचा, तो मी हजारात ओळखेन. म्हणजे म्हाताऱ्याचा पांढरा हा होता. मग थोरली कुणाची?

मग मला काळा आठवला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, पांढरा नुसता पांढरा कधीच नसतो. त्याच्यात थेंब पडतात, निळ्याचे, पिवळ्याचे, आणि अगदी शेवटी काळ्याचे. आणि हा काळा म्हणजे दुसरंतिसरं काही नसतं, काजळीच असते, धुरातून धरलेली आणि तेलात घोटलेली. म्हाताऱ्याच्या काळी पांढऱ्याला काळा लागायचाच नाही म्हटलं तरी चालेल, काडीच्या टोकाएवढा. नंतर नंतर तो जास्त लागायला लागला. दरवर्षी थोडा जास्त. थोरलीशी जुळवायचं तर घालावाच लागे. आम्ही आपले म्हणत होतो, काळेवाला फसवतोय, काळा नरम झालाय, भेसळ करतोय मेला. मी त्याला इथं उभा करून काय काय बोललेय. तो गळ्याची आण घेऊन सांगायचा, बाई, काळा तोच आहे, माझा आजा करायचा तोच, आणि मी म्हणायचे, चोराच्या उलट्या बोंबा. दोन काळेवाले बदलले आम्ही. दुसऱ्याचाही काळा नरम निघाला तेव्हा तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडावा की नाही? नाही पडला. सगळ्यांचं लक्ष बाटलीत. खिळ्याला टांगलेल्या त्या बाईसाहेबांकडं बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण तिच्याकडं बघूनच तर आम्ही बाकीच्या जगाकडं बघत होतो.

साहेब फोन घ्यायला बाहेर गेले होते. मी अंगठा जिभेवर ओला केला आणि थोरलीवर फिरवला. वरपासून खालपर्यंत, एकदाच, दाबून. म्हातारा पाठीमागून ओरडेल असं वाटत होतं. थोरलीवर एक पट्टा उमटला, अंगठ्याच्या रुंदीचा, आणि तो पट्टा कार्डासारखा होता. आणि अंगठा काळा झाला होता. तेलकट काळा, रेषारेषांत बसलेला. मी तो नाकाशी नेला. आपल्या कारखान्याच्या धुराड्याचा वास मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल, जळक्या तेलाचा, थोडा गोडसर, आणि तोच होता तो, शिवाय मोटारींचा, शिवाय नदीपलीकडच्या वीजघराच्या कोळशाचा, सगळ्या शहराचा. हवेतून येऊन दररोज थोडाथोडा बसला होता. आम्ही कुणी पुसायचं नाही असा कायदा होता, म्हणून बसला होता. आणि मी, डोळ्यांची एवढी मिजास असलेली मी, इतकी वर्षं बाटलीतली काजळी मोजून मोजून पांढऱ्यात घालत होते, हवेतल्या काजळीशी तंतोतंत जुळावी म्हणून. आणि जुळत होती. आणि लोक माझी पाठ थोपटत होते.

त्या अंगठ्याकडं बघताना मला लेकीचे रुमाल आठवले. लहानपणी तिला खोकला असायचा, थंडीत जास्त. थंडीत इथं धूर वर जात नाही, खाली बसतो, घरांवर झाकण ठेवल्यासारखा, सकाळी समोरची इमारत दिसत नाही आणि लोक म्हणतात, काय छान धुकं पडलंय. लेक शाळेतून आली की तिचा रुमाल मी धुवायला घ्यायचे, आणि त्याच्यावर नाक पुसल्याचा डाग काळा असायचा. मी साबण लावायचे, घासायचे. मुलांचं नाक काळंच असतं, असंच मला वाटायचं. माझंही काळंच होतं, शेजारणीच्या पोरांचंही, मग वेगळं काय वाटणार? डॉक्टर म्हणाले, घराण्यातला दमा आहे, आजीला होता का? माझ्या आईला होता. झालं, सापडलं मूळ. आई पलीकडच्या गल्लीत राहायची, तीच हवा पीत होती, हे डॉक्टरनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. रात्र रात्र मी त्या पोरीला मांडीवर बसवून पाठ चोळत होते आणि मनात आईला बोल लावत होते, काय हे मागं ठेवून गेलीस म्हणून. मेलेल्या बाईला! मग पोरीचं लग्न झालं, जावई झाडांच्या रोपवाटिकेत काम करतो, तो तिला घेऊन डोंगरात गेला, आणि तिचा खोकला गेला. एका थंडीत गेला. मी सगळ्यांना सांगत सुटले, जावई कसा पायगुणाचा आहे बघा, लेकीला मानवला. मानवला म्हणे! अगं बये, तिला श्वास मानवला होता.

साहेब परत आले तेव्हा मी खिडकीशी होते. त्यांनी पहिल्यांदा थोरलीवरचा पट्टा बघितला आणि कुणीतरी गेल्यासारखं “अरे देवा” म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं, अंगठा दाखवला. साहेब हुशार आहेत, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. धुराड्याचं बोलेल. कारण धुराड्याला धूर गाळायच्या पिशव्या आहेत हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही, आणि त्या काढून मागच्या गोदामात टाकल्यात हेही, कारण त्या लावल्या की भट्टी मंद होते आणि माल कमी निघतो. तपासायला माणसं येतात त्या दिवशी लावतात, गेली की काढतात. सगळा कारखाना हे जाणतो आणि सगळा कारखाना मूग गिळून बसतो. मी म्हटलंच, “साहेब, त्या पिशव्या तेवढ्या लावायला सांगा. आज सांगा.” साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“बाई, ते माझ्या हातात नाही. आणि एका आपल्या धुराड्यानं काय होतंय? सगळं शहर धूर सोडतं. आपण आपल्या रंगाचं बघू.” मग ते पुढं सरकले, आवाज आणखी गुळगुळीत झाला. “असं करू. नवी पाटी बनवा, या कार्डाशी जुळवून. ती कपाटात ठेवायची, बंद. डोंगराकडं, समुद्राकडं, जिथं हवा बरी आहे तिकडं जाणारा माल तिच्याशी जुळवायचा. आणि शहरासाठी हीच थोरली. हा पट्टा तेवढा पुसट करता येईल ना काहीतरी करून?”

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मी म्हटलं, “म्हणजे दोन पांढरे?”

“दोनच. नाव एकच ठेवू, डबाही तोच.”

“आणि इथल्या माणसांनी राखाडी लावायचा? पांढरा म्हणून?”

“अहो बाई, तुमचा तो खरा पांढरा इथं लावला तर महिन्याभरात मळलेला दिसेल. तक्रारी आपल्याकडंच येतील. हा मळत नाही, कारण आधीच तसा आहे. लोक खूश आहेत. कधी कुणी तक्रार केलीय? त्यांनी दुसरा बघितलेलाच नाही.” आणि मग त्यांनी ते वाक्य टाकलं, हात झटकल्यासारखं. “इथल्या लोकांना चालतं हो.”

चालतं! माझं डोकं असं फिरलं की मी पुढं काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. साहेबांना अहोजाहो सोडून बोलले की काय तेही आठवत नाही. एवढं आठवतंय की मी म्हणाले, पांढरा एकच असतो, तुमच्या बापाला विचारा. माणसं काय दोन प्रकारची असतात, एक पांढऱ्यातली आणि एक काळे थेंब घातलेली? कुणी ठरवलं त्यांना चालतं म्हणून? गळा धरलेला माणूस ओरडला नाही म्हणजे त्याला चालतं का? हाताखालच्या पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, तोंडावर ओढण्या धरून, हसू दाबतायत की घाबरल्यात ते कळत नव्हतं. साहेब शांतच होते. ते म्हणाले, तुम्ही दमलात, आज लवकर घरी जा, उद्या डोकं थंड झालं की बोलू, आणि नसेलच जमत तर कपाटातली पाटी दुसरं कुणीतरी जुळवेल, आता यंत्र आहेच. मी म्हटलं, मी दोन पांढरे करणार नाही, मेले तरी करणार नाही. आणि पिशवी उचलून चालू लागले. म्हाताऱ्याचं कार्ड पिशवीत घातलं. चोरी म्हणा.

दिवसाउजेडी मी कित्येक वर्षांत रस्त्यावरून चालले नव्हते. चालले, आणि माझ्या मेल्या डोळ्यांना आता दुसरं काही दिसेना. कठड्यावर बोट फिरवलं, काळं. बाकावर, काळं. सिग्नलला ओळीनं मोटारी उभ्या, प्रत्येकीच्या शेपटाला धुराची पिचकारी, आणि प्रत्येक काच वर केलेली, आतल्याला स्वतःचा धूर नको, तो मागच्यानं घ्यायचा. दुभाजकावरच्या झाडाचं पान मी तोडलं, पदरानं पुसलं, तर आत हिरवं निघालं आणि मला इतकं भरून आलं की मी ते पान टाकून दिलं, रस्त्यात रडायची मला लाज वाटते. त्या झाडानं श्वास घ्यायचा कुठून? त्याला तर कुठं जाताही येत नाही. दवाखान्याची भिंत आली, माझीच, आणि पूर्वी जिच्यासमोरून जाताना मी मान वर करून बघायचे तिच्याकडं आता बघवेना. वर आभाळ होतं. त्याचाही रंग थोरलीसारखा. जुळलेलं होतं. सगळं एकमेकांशी अगदी तंतोतंत जुळलेलं होतं, म्हणून तर कुणाला काही दिसत नव्हतं.

घरात शिरले तर आतल्या खोलीतून ह्यांचा खोकला आला. आमच्या घरात ह्यांना हाक मारायची गरज नसते, खोकल्यावरून कळतं कुठं आहेत ते. आयुष्यभर बस चालवली ह्यांनी, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आता निवृत्त होऊन खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या बसगाड्या मोजतात. “आज लवकर? काढून टाकलं की काय?” म्हणाले. मी म्हटलं, काढतील. ते म्हणाले, बरं झालं, आता दिवसभर माझ्यावरच ओरड. मी ह्यांना अंगठा दाखवला, सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, मध्ये दोनदा खोकले, आणि म्हणाले, “हवा आहे ती. भाजी थोडीच आहे निवडून घ्यायला? येईल ती घ्यायची.” एरवी मी हसले असते. ह्यांच्या अशाच बोलण्यावर तर मी संसार केला. आज मला वाटलं, एवढा शहाणा माणूस, आणि ह्यालाही हे कुणी शिकवलं, येईल ती घ्यायची म्हणून?

मी लेकीच्या खोलीत गेले. कोपऱ्यात पाळणा लावून ठेवला होता, भाच्याकडून मागून आणलेला, त्याला नवीन दोऱ्या. मी पिशवीतून कार्ड काढलं आणि भिंतीला लावलं. लावायला नको होतं. आठ दिवसांपूर्वीची भिंत, मी स्वतः दोन हात दिलेली, आणि ती कार्डाशेजारी अशी दिसत होती की त्या खोलीत कुणी राहून मरून गेलंय असं वाटावं. पाळण्याच्या कठड्यावर बोट फिरवलं. मी कालच पुसला होता. बोट काळं. एवढंसं नाक असतं पोराचं, वाटाण्याएवढी भोकं, आणि पहिला श्वास घेताना ती किती जोरात ओढतात! मी बघितलंय, ह्याच पोरीला बघितलंय, जन्मल्या जन्मल्या हात मुठीत आवळून असा श्वास ओढला होता तिनं, सगळं जग आत घ्यायचं असल्यासारखा.

फोन वाजला. तीच होती. “आई, बॅग भरायला घेतलीय. बाळाचे कपडे आणू की तिकडंच आहेत? आणि माझी ती जुनी चादर आहे ना गं?” तिचा आवाज डोंगरात गेल्यापासून मोकळा झालाय, आता बोलताना मध्ये थांबत नाही. मी तो आवाज ऐकत राहिले. कोणत्या आईनं हे म्हणावं? सात महिने मी दिवस मोजले, शिडीवर चढले, दोऱ्या वळल्या.

“येऊ नकोस,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“म्हणजे येऊ नकोस. तिकडंच कर बाळंतपण. तिकडं दवाखाना आहे ना?”

“काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बाबांना काय धाड भरलीय!”

“मग मी काय केलं? कशानं रागावलीस?” ती रडायला लागली. “तुला जड होत असेल तर तसं सांग ना आई, आम्ही बाई ठेवू कुणीतरी. पण असं…”

जड! मला ती जड होईल असं तिला वाटलं. मी धडाधडा सांगायला लागले, थोरलीचं, काळ्याचं, कार्डाचं, तिच्या रुमालांचं, उलटसुलट, धड एक वाक्य पुरं होईना. तिला कितपत कळलं कोण जाणे. शेवटी मी म्हटलं, “अगं इथली हवा घेण्यासारखी नाही. माणसानं घ्यायची हवा नाही ही. बाळाला नाही चालायची.”

ती आता रडत नव्हती. लहानपणापासून तिची ही सवय, आधी रडायचं आणि मग असा प्रश्न विचारायचा की मास्तर गप्प बसावेत.

“आणि तुला?”

“मला काय?”

“तुला चालते?”

“मला चालतं गं,” मी म्हटलं. “आम्हाला सवय आहे. इथल्या लोकांना चालतं.”

तोंडातून गेलं. अगदी सहज, हात झटकल्यासारखं. त्याच आवाजात, तेवढंच तेल लावून.

“कोण म्हणालं?” लेक विचारत होती. “आई? तुला चालतं असं कोण म्हणालं?”

मी फोन कानाला धरून उभी. समोर माझी भिंत, तिच्यावर खिळल्यासारखं माझ्याच हातानं धरलेलं ते कार्ड. सकाळी त्या माणसाला बापावरून बोलले, पांढरा एकच असतो म्हणून कारखाना डोक्यावर घेतला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत घरात उभी राहून मीच दोन पांढरे केले की नाही? नातवासाठी कपाटातला. माझ्यासाठी आणि ह्यांच्यासाठी खिळ्यावरचा. कुणी सांगितलंही नव्हतं. मला इतका राग आला, साहेबांचा, धुराड्याचा, डॉक्टरचा, आणि सगळ्यांत जास्त या माझ्या जिभेचा, की ते कार्ड मी भिंतीवरून खस्सकन खाली घेतलं. लेकीनं फोन ठेवला नाही.

“तुझ्याकडं खोली किती मोठी आहे गं?” मी विचारलं.

“का?”

“दोन म्हातारी माणसं मावतील का?”

“मावतील की,” ती म्हणाली. आणि हसली की काय केलं कोण जाणे.

“मग बॅग तू भरू नकोस,” मी म्हटलं. “मी भरते.”

माळ्यावरची मोठी बॅग माझ्या हाताला येत नाही. ती काढून द्यायला मी ह्यांना हाक मारली, दोनदा मारली, तर खोकल्यामुळं ह्यांना ओ देता येईना.